पुण्याहून एका दिवसात करता येतील असे, गड आणि लेणी पाहत जाणारे घाटातले सायकल मार्ग

वाटसरू, कर्वेनगर

नमस्कार. मी आणि माझा धाकटा भाऊ, आम्ही दोघेही रोड बाईक चालवतो. खडकवासला, चांदणी चौकापलीकडचे पिरंगुट आणि पाषाण-सूसचा परिसर या फेऱ्या आता अंगवळणी पडल्या आहेत. मी शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळे सायकलवरून जाताना दूरवर दिसणारे गड आणि रस्त्याकडेच्या पाट्यांवरची मंदिरांची नावे मनात घर करून राहतात. तरीही आजवरच्या बहुतेक फेऱ्यांत आम्ही घड्याळ आणि सरासरी वेग यांच्याकडेच लक्ष देत पुढे गेलो आहोत, आणि ते आता बदलावे असे वाटते.

येत्या डिसेंबर-जानेवारीत काही रविवार आम्ही याच कामासाठी राखून ठेवले आहेत. मार्ग साधारण 80 ते 120 किलोमीटरचा असावा, पहाटे निघून दुपारी उन्हे उतरायच्या आत घरी परतता यावे, रस्ता पूर्ण डांबरी असावा, आणि वाटेत निदान एका ठिकाणी तासभर तरी सायकल बाजूला ठेवून नीट पाहता येईल असे काही ऐतिहासिक स्थळ असावे, एवढी आमची अपेक्षा आहे. चढाची भीती नाही. माझ्या सायकलला पुढे 34 दातांची लहान चकती आणि मागे 32 दातांपर्यंतची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच, आहे. भावाच्या सायकलला मागे 28 च आहे आणि त्याचे टायर 25 मिलिमीटरचे आहेत, म्हणून खडी आणि मुरूम टाळलेला बरा.

विशेषतः तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. पुरंदर किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे तिथे सायकलस्वारांना जाता येते का? दिवे घाटातून जाणे आज शहाणपणाचे आहे का? आणि एकच गड पाहायचा असेल, तर इतिहासाच्या दृष्टीने सुरुवात कुठून करावी?

घाटमाथा

आपला शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो. पुण्यातला जवळपास प्रत्येक सायकलस्वार आधी सिंहगड चढतो, कारण तो जवळ आहे आणि तिथल्या चढावर स्वतःची वेळ मोजता येते. आपण मात्र आधी पुरंदर करावा आणि मग सिंहगड, असे मी आग्रहाने सुचवेन. जून 1665 मध्ये मिर्झाराजे जयसिंगांशी पुरंदरचा तह झाला आणि शिवाजी महाराजांना 23 किल्ले मोगलांना द्यावे लागले. त्या 23 किल्ल्यांत पुरंदर आणि वज्रगड होते, कोंढाणा म्हणजे आजचा सिंहगड होता, भोरजवळचा रोहिडा होता, आणि मावळातले लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हेही होते. महाराजांकडे जे 12 राहिले, त्यांत राजगड आणि तोरणा होते. आपण एका दिवसात सायकलने जाऊन परत येऊ शकता अशा टापूतच त्या तहाच्या नकाशाचा मोठा भाग पसरलेला आहे. पुरंदर आधी पाहिला, की पुढच्या प्रत्येक फेरीत समोर येणारा गड तेव्हा दिलेला होता की राखलेला, हे आपोआप मनात येऊ लागते आणि डोंगरांची रांग वेगळीच दिसते.

पुरंदरचा मार्ग असा. स्वारगेट, कात्रज, जुना कात्रज घाट आणि जुना बोगदा ओलांडून शिंदेवाडीला महामार्गावर यावे, खेड शिवापूरवरून कापूरहोळ गाठावे आणि तिथे डावीकडे नारायणपूरच्या रस्त्याला लागावे. नवा बोगदा सायकलसाठी नाही, हे वेगळे सांगायला नको. केतकावळ्याचे बालाजी मंदिर मागे पडले, की घाट सुरू होतो, आणि तो चढून आल्यावर नारायणपूरच्या अलीकडे पुरंदर आणि वज्रगड ही जोडी एकदम समोर उभी राहते. इथे दोन मिनिटे थांबून त्या दोन्ही डोंगरांमधली खिंड नीट पाहून घ्यावी. दिलेरखानाने आधी धाकटा वज्रगड का घेतला, हे इथून पाहताक्षणी कळते. वज्रगड हाती आला, की त्याच्यावरून पुरंदरच्या माचीवर तोफा डागता येतात. एप्रिल 1665 मध्ये वज्रगड पडला, पुढच्या महिन्यात मुरारबाजी देशपांडे लढता लढता धारातीर्थी पडले, आणि तरीही गडावरचे लोक झुंजत राहिले. हे सगळे वर्गात नकाशा काढून शिकवायला जितका वेळ लागतो, त्यापेक्षा कमी वेळात ती खिंड सांगून जाते.

नारायणपुरात यादवकालीन नारायणेश्वर मंदिर आहे. शेजारच्या दत्त मंदिरात गर्दी असते आणि नारायणेश्वराकडे फार थोडे लोक वळतात, हे मला नेहमी खटकते. त्याच्या दारावरचे कोरीव काम सावकाश पाहण्यासारखे आहे.

किल्ल्यावर जाता येते. नारायणपूरपासून वर लष्कराच्या चौकीपर्यंत डांबरी रस्ता आहे, वळणे आखूड आहेत आणि चढ काही ठिकाणी चांगलाच अंगावर येतो. प्रवेश सकाळी नऊच्या सुमारास सुरू होतो आणि सायंकाळी पाचला बंद होतो. मूळ ओळखपत्र जवळ असणे आवश्यक आहे, मोबाईलमधल्या छायाचित्रावर विसंबू नये. ज्या भागांत जाण्यास मनाई आहे तिथे छायाचित्रेही घेऊ नयेत. सायकल चौकीपाशी ठेवावी लागेल की आत नेता येईल, हे त्या दिवशीचे जवान सांगतील तसे करावे. म्हणून आठ-साडेआठला नारायणपुरात पोहोचून मंदिर पाहावे, न्याहारी करावी आणि नऊला वर निघावे, हा हिशेब उत्तम जमतो. संभाजी महाराजांचा जन्म 14 मे 1657 रोजी याच गडावर झाला. बालेकिल्ल्यावरच्या केदारेश्वरापर्यंत पायी जाण्यात बराच वेळ जातो, तेव्हा त्या दिवशी दुसरे काही योजू नये. परतीला सासवड आणि बोपदेव घाट. गडाचा चढ धरून एकूण 110 किलोमीटरच्या आसपास अंतर होते.

सिंहगड त्यानंतरच्या एखाद्या रविवारी करावा. गोळेवाडीच्या नाक्यापासून वाहनतळापर्यंत सुमारे नऊ किलोमीटरमध्ये 600 मीटरच्या आसपास चढ आहे, म्हणजे सरासरी सहा-सात टक्के पडते. पण सरासरीवर जाऊ नये, कारण मधले काही तुकडे दहा टक्क्यांच्या पलीकडचे आहेत. भावाला 28 ची कॅसेट असेल, तर तिथे बराच वेळ उभे राहून पेडल मारावे लागेल. पहाटे उजाडायच्या वेळी नाक्यावर असाल, तर वरपर्यंत रस्ता बहुतांशी आपलाच असतो. आठनंतर रविवारी मोटारींची रांग लागते आणि तिच्यात अडकून चढणे धोक्याचे आणि धुराचे होते. वर तानाजी मालुसऱ्यांचे स्मारक पाहूनच बहुतेक लोक फिरतात. आपण राजाराम महाराजांच्या समाधीशीही थांबावे. 1700 साली त्यांचे निधन याच गडावर झाले. नंतर कल्याण दरवाजापर्यंत चालत जावे. पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही या गोष्टी सगळ्यांना ठाऊकच आहेत, त्यांच्यासाठी वेगळा वेळ राखावा.

सासवडकर

वरच्या उत्तरातला क्रम मला पूर्णपणे मान्य आहे, दिशा मात्र मान्य नाही. कात्रजहून कापूरहोळपर्यंतच्या महामार्गावर जड वाहनांची रीघ असते, सेवा रस्ता मध्येच संपतो, आणि तो संपतो तिथे सायकलस्वाराला भरधाव मालमोटारींच्या शेजारी यावे लागते. महामार्गावरून सायकल चालवण्याची सवय नसेल, तर पुरंदरला जाताना आणि येताना बोपदेव घाटच घ्यावा. कोंढवा, येवलेवाडी, बोपदेव, भिवरी, चांबळी, सासवड आणि तिथून नारायणपूर, असा तो रस्ता आहे. बोपदेवचा चढ पुण्याच्या बाजूने तीव्र आहे, पण लांबीला फार नाही. सकाळी सहाच्या आत तिथे पोहोचलात, तर वाहने जवळजवळ नसतात. एकच रस्ता दोनदा करणे अनेकांना आवडत नाही हे मी जाणतो. तरी चढताना फक्त समोरचे डांबर दिसते, आणि परतीला त्याच खिंडीत आल्यावर खाली सबंध पुणे पसरलेले दिसते, त्यामुळे तो रस्ता परतीला वेगळाच वाटतो.

दिवे घाटाविषयी आपण विचारले आहे. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी याच घाटाने सासवडला येते, आणि माउलींच्या रथाला जोडलेल्या बैलजोड्या तो चढ चढताना ज्याने पाहिल्या आहेत, त्याला हा घाट सायकलने करावासा वाटणे अगदी स्वाभाविक आहे. घाटातून खाली वडकीचा मस्तानी तलावही दिसतो. परंतु पालखी मार्गाच्या रुंदीकरणाच्या कामामुळे तिथे खोदकाम, धूळ आणि सैल खडी यांचा त्रास झालेला आहे, आणि सुरुंगाच्या वेळी वाहतूक थांबवली जाते. शिवाय हडपसर ते वडकी हा पायथ्यापर्यंतचा पट्टाच वाहनांनी भरलेला असतो. 25 मिलिमीटरच्या टायरवर सध्या तो टाळावा, काम पूर्ण झाल्यावर खुशाल करावा. त्या आठवड्यात घाटाची स्थिती काय आहे, हे निघण्याआधी विचारून घ्यावे.

आता सासवडविषयी, कारण लोक इथे केवळ चहासाठी थांबतात आणि पुढे जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते. गावातच संत सोपानदेवांची समाधी आहे. कऱ्हा आणि चांबळी या नद्यांच्या संगमावर संगमेश्वराचे मंदिर आहे. थोड्या अंतरावर चांगावटेश्वर आहे. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे निधन 1720 मध्ये सासवडलाच झाले आणि त्यांची समाधी इथे आहे. आचार्य अत्रे यांचा जन्म जवळच्या कोडीत गावचा. हे सगळे एकमेकांपासून सायकलवर काही मिनिटांच्या अंतरावर आहे, आणि पुरंदरचा दिवस वेगळा ठेवून सासवडचा अर्धा दिवस स्वतंत्रपणे करावा, एवढे ते निश्चित मोलाचे आहे. चांगावटेश्वरला पोहोचलात, तर मंडपातल्या खांबांच्या तळाशी बसून पाहावे. दगडावरचे बारीक नक्षीकाम उभ्याने नजरेतून निसटते आणि बसल्यावर ओळीने समोर येते. याच रस्त्यांवर हंगामात अंजिरांचे हारे घेऊन शेतकरी बसलेले असतात. पुरंदरच्या अंजिरांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि चढ संपल्यावर खिशातल्या जेलपेक्षा चार अंजिरे कितीतरी चांगली.

एक मार्ग मी स्वतःहून सुचवतो, कारण इतिहासाच्या शिक्षिकेने तो करावाच असे मला वाटते. तो भुलेश्वरचा. सासवडहून वाघापूरमार्गे माळशिरसला जावे. रस्ता उघड्या माळरानातून जातो, चढउतार सौम्य आहेत, आणि शेवटच्या टेकडीवर मात्र चढ अचानक उभा होतो. 1630 च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे उद्ध्वस्त करून तिथे गाढवाचा नांगर फिरवला, ही गोष्ट आपण मुलांना सांगतच असाल. त्याच मुरार जगदेवाने या टेकडीवर दौलतमंगळ नावाचा किल्ला उभारला, आणि भुलेश्वराचे मंदिर त्याच्या आत आहे. पुढे जिजाऊंच्या देखरेखीखाली पुणे पुन्हा वसले, सोन्याचा नांगर फिरला. ज्या टेकडीवरून त्या उजाड झालेल्या मुलखाचा कारभार हाकायचा होता, तिच्यावर उभे राहून पुण्याच्या दिशेने पाहणे, हा पुणेकराने एकदा तरी घ्यावा असा अनुभव आहे.

मंदिर यादवकाळातले आहे. बाहेरून कळसाखेरीज फारसे काही जाणवत नाही. आत गेल्यावर अंधार असतो आणि उन्हातून आल्यामुळे काही क्षण काहीच दिसत नाही, तेव्हा घाई न करता भिंतीला हात न लावता उभे राहावे. हळूहळू काळ्या दगडातल्या मूर्ती दिसू लागतात, त्यांतल्या अनेक भंगलेल्या आहेत. प्रदक्षिणेच्या वाटेवर वरच्या पट्टीत स्त्रीरूपातल्या गणेशाची मूर्ती आहे. ती शोधावी लागते, आणि पुजाऱ्यांना विचारले तर ते दाखवतात. तिथे सायकल पायऱ्यांच्या खाली ठेवून जाता येते.

भुलेश्वरला जाताना सोलापूर रस्त्याने उरुळी कांचन आणि शिंदवणे घाट असा पर्यायही आहे. घाट सुरेख आहे, पण उरुळीपर्यंतचा महामार्ग कंटाळवाणा आणि वर्दळीचा, म्हणून मी तो सुचवत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मार्चपासून दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो आणि भुलेश्वरहून पुण्याकडे येताना तो थेट तोंडावर बसतो. माळरानावर आडोसा नसल्याने सपाट रस्त्यावरही दम निघतो. तेव्हा हा मार्ग डिसेंबर-जानेवारीतच उरकून घ्यावा.

पवनाकाठ

वरच्या दोघांनीही शिवकाळाचीच बाजू मांडली आहे आणि ती योग्यच आहे, तरी मावळातले रस्ते त्याहून कितीतरी जुने आहेत, म्हणून थोडे लिहितो. कोकणातल्या कल्याण आणि सोपारा या बंदरांतून माल बोरघाटाने वर चढत असे, आणि त्या व्यापारी वाटेच्या दोन्ही बाजूंना सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कार्ले, भाजे आणि बेडसे ही लेणी खोदली गेली. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या शिलालेखात वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल याने हे शैलगृह पूर्ण केल्याचे आणि ते जंबुद्वीपात उत्तम असल्याचे कोरलेले आहे. पुढच्या काळात याच वाटेवर नजर ठेवायला लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना उभे होते, आणि 1665 च्या तहात हे चारही का मागितले गेले याचे उत्तर त्या वाटेतच आहे. म्हणजे घाटमाथा यांनी मांडलेला धागा इथेही सुटत नाही.

मार्ग असा घ्यावा. चांदणी चौक, पिरंगुट, पौड, तिथून हाडशी आणि जवणवरून तिकोना पेठ, पवनानगर, कामशेत आणि परतीला जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने देहूरोडवरून पुणे. साधारण 115 किलोमीटर होतात. द्रुतगती महामार्गावर सायकलला बंदी आहे, त्यामुळे कामशेतला रस्ता बदलताना पाटी नीट वाचावी. पौडनंतर वर्दळ एकदम ओसरते. हाडशीच्या पुढे चढउतार सतत चालू असतात, एकही चढ फार लांब नाही पण एकही तुकडा सपाट नाही, आणि पायांची खरी कसोटी इथेच लागते. तिकोना जवळ येऊ लागला, की त्याला हे नाव का पडले हे सांगावे लागत नाही.

या मार्गावर थांबायचे ते बेडसे लेण्यांपाशी. कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाची गर्दी असते आणि रविवारी सायकल ठेवायलाही जागा मिळत नाही. बेडसे पवनानगर-कामशेत रस्त्यापासून थोडे आत आहे. पायथ्याच्या गावात सायकली ठेवून पायऱ्या चढाव्या लागतात. चैत्याच्या ओसरीत चार प्रचंड खांब आहेत आणि त्यांच्या माथ्यावर हत्ती, घोडे, बैल आणि त्यांच्यावर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी आहेत. लेणे पूर्वाभिमुख असल्याने सकाळचे ऊन थेट त्या खांबांवर येते, म्हणून दहाच्या आत पोहोचता आले तर उत्तम. पहाटे पाचला चांदणी चौक सोडला आणि पौडला न रेंगाळता पुढे गेलात, तरच हे साधते. तसे जमत नसेल, तर जुन्या रस्त्याने आधी कामशेतला यावे आणि फेरी उलट्या दिशेने करावी. त्या क्रमाने लेणी लवकर होतात, मात्र हाडशीचे चढउतार थकलेल्या पायांनी आणि उन्हात करावे लागतात. आपल्याला लेण्यांचे महत्त्व अधिक वाटत असेल, तर मी उलटीच दिशा निवडेन.

जोडे मात्र बदलावेत. क्लीट, म्हणजे पेडलला अडकणारी पट्टी, लावलेल्या बुटांनी कातळात खोदलेल्या पायऱ्या उतरणे खरोखर धोक्याचे आहे, आणि क्लीटच्या कडाही झिजतात. दोन पातळ कापडी जोडे बसतील एवढी लहान पिशवी सीटमागे बांधली, तर प्रत्येक गडावर आणि लेण्यात तिचा उपयोग होईल.

वाटसरू, कर्वेनगर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. तहातले दिलेले आणि राखलेले किल्ले या क्रमाने फेऱ्या आखाव्यात, हे मला इतके पटले आहे की पुढच्या सत्रात नववीच्या वर्गाला हाच नकाशा काढायला सांगणार आहे. पहिला रविवार बोपदेवमार्गे पुरंदर, दुसरा सिंहगड, तिसरा बेडसे आणि चौथा भुलेश्वर असे ठरवले आहे.

मग राखलेल्या किल्ल्यांचे काय, असा प्रश्न भावाने लगेच विचारला. राजगड आणि तोरणा यांच्या पायथ्यावरून पाबे घाटमार्गे एक फेरी होते असे ऐकले आहे. तो घाट 28 च्या कॅसेटवर झेपेल का, आणि त्याच दिवशी राजगड चढणे शक्य आहे का?

घाटमाथा

आपल्या भावाने अगदी नेमका प्रश्न विचारला. पाबे घाट हा पुण्याजवळचा सर्वांत सुंदर सायकल रस्ता आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. खडकवासला आणि डोणजे ओलांडून खानापूरला डावीकडे वळावे, रांजणे गावावरून घाट चढावा, खिंड ओलांडून पाबे आणि वेल्हे, मग विंझर, मार्गासनी, आंबवणेवरून नसरापूर आणि महामार्गाने कात्रज. 115 ते 120 किलोमीटर होतात. सासवडकर यांनी महामार्गाविषयी जे लिहिले ते मला मान्य आहे, पण या फेरीत नसरापूर ते शिंदेवाडी हा पट्टा टाळता येत नाही. तो टाळायचाच असेल, तर वेल्ह्याहून त्याच वाटेने परत फिरावे आणि घाट दोन्ही बाजूंनी चढण्याची तयारी ठेवावी.

खिंडीत थांबणे हेच या फेरीचे प्रयोजन. दक्षिणेला उजव्या हाताला तोरणा आणि डाव्या हाताला राजगड, त्याच्या बालेकिल्ल्याच्या टोकासह, असे दोन्ही गड एकाच नजरेत येतात, आणि ज्या बाजूने आपण चढून आलो तिकडे पाठीमागे सिंहगडाची रांग असते. पुढ्यात राखलेले दोन आणि पाठीशी दिलेला एक, अशी ती जागा आहे. तोरणा महाराजांनी 1646 च्या सुमारास घेतला, आणि तिथे सापडलेल्या धनातून राजगडाचे बांधकाम झाले असे परंपरा सांगते. राजगड पुढे वीस वर्षांहून अधिक काळ स्वराज्याची राजधानी होता. आता तो जागतिक वारशातही आहे. युनेस्कोने जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या 12 दुर्गांची नोंद केली, त्यांत पुणे जिल्ह्यातले शिवनेरी, लोहगड आणि राजगड आहेत.

राजगड त्याच दिवशी मुळीच चढू नये. गुंजवणे किंवा पाली, कुठल्याही वाटेने तो पायी काही तासांचा गड आहे, आणि सुवेळा, संजीवनी, पद्मावती या माच्या घाईत पाहण्यासारख्या नाहीत. सायकलच्या दिवशी थांबायला नसरापूरचे बनेश्वर योग्य आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळातले हे मंदिर झाडीत आहे, पाण्याची कुंडे आहेत, आणि तिथे टांगलेली घंटा पोर्तुगीजांकडची आहे. वसईच्या 1739 च्या विजयानंतर चिमाजी आप्पांनी आणलेल्या घंटांपैकी ती एक मानतात. वर मान करून पाहिल्यास तिच्यावर क्रूस दिसतो.

आता गिअरविषयी. पाब्याचे काही वळणांमधले तुकडे सिंहगडापेक्षाही उभे आहेत आणि 28 च्या कॅसेटवर गुडघ्यांवर ताण येईल. साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या डिरेलरला झेपत असेल, तर भावाने 32 ची कॅसेट आणि तिच्या मापाची साखळी बसवून घ्यावी. खर्च फार नाही, आणि तीच कॅसेट पुरंदरच्या वरच्या टप्प्यातही उपयोगी पडेल. निघण्यापूर्वी ब्रेक पॅडची जाडी पाहून घेणे त्याहून महत्त्वाचे आहे. रिम ब्रेक असतील, तर उताराला ब्रेक सतत दाबून धरू नये. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक ठामपणे लावून वेग कमी करावा आणि मग ते मोकळे सोडावेत, म्हणजे रिमला थंड व्हायला अवसर मिळतो. सतत घासत राहिल्यास रिम इतकी तापते की आतली ट्यूब फुटू शकते. वळणाच्या आतल्या बाजूला डोंगरावरून घरंगळलेली बारीक खडी साठलेली असते, तिथून जाऊ नये. आपल्याच बाजूच्या, वाहनांच्या चाकांनी स्वच्छ झालेल्या पट्ट्यावरून जावे आणि समोरून एसटी येते आहे असे गृहीत धरूनच वळावे. 2026 च्या जानेवारीतल्या पुणे ग्रँड टूर शर्यतीच्या निमित्ताने जिल्ह्यातले बरेच रस्ते नव्याने डांबरले गेले, त्यामुळे उताराला वेग पूर्वीपेक्षा सहज वाढतो. गावांच्या वेशीवरचे गतिरोधक मात्र होते तिथेच आहेत आणि त्यांतल्या अनेकांवर पांढरे पट्टे नाहीत. पाबे गावात शिरताना हे विशेष ध्यानात ठेवावे.

पाणी खानापूरला भरून घ्यावे. तिथून वेल्ह्यापर्यंत रविवारी सकाळी उघडे दुकान मिळेलच असे नाही. दोघांत मिळून दोन जादा ट्यूब, पंप आणि टायर लिव्हर असू द्यावेत, कारण घाटात मोबाईलला सगळीकडे रेंज नसते आणि रोड बाईकची ट्यूब वेल्ह्याला मिळत नाही.